सातव्या प्रश्नातला वजा एक

१

सन एकोणीसशे शहाऐंशी. त्या वर्षी आकाशात शेपटीवाला तारा येणार म्हणून सगळं चोपडा गाव पहाटे उठून गच्चीवर जायचं. कुणाला दिसला, कुणाला नाही, आणि ज्यांना दिसला नाही तेच जास्त छातीठोक सांगायचे. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, एका सोमवारी सकाळी, कन्याशाळेच्या पत्र्याच्या कपाटातलं एक पाकीट सील सुटलेल्या अवस्थेत सापडलं.

पाकिटात त्याच दिवशी होणाऱ्या परीक्षेची उत्तरसूची होती. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांतले गणिताचे शिक्षक मिळून एक मंडळ चालवत. नववीतल्या मुलींसाठी त्या मंडळाची बीजगणिताची परीक्षा असे. दहा प्रश्न, सगळे शब्दांत. शब्द वाचायचे आणि त्यांची बैजिक राशी किंवा सूत्र करायचं, एवढंच. पण ते 'एवढंच' भल्याभल्यांना जमत नसे. पहिल्या आलेल्या मुलीला धुळ्याच्या वसतिगृहात जागा मिळे, आणि कॉलेज संपेपर्यंतची फी मंडळ भरे.

पाकीट सापडल्यावर कुणी फार घाबरलं नव्हतं. घाबरायची वेळ आठवड्याने आली. चोपड्याच्याच केंद्रावरच्या कोकिळा झुलाल या मुलीने सातव्या प्रश्नाचं उत्तर बरोबर लिहिलं होतं. दोनशे चौदा मुलींपैकी एकटीने.

कुसुमलताबाई त्या शाळेत गणित शिकवायच्या. वय चोवीस, नोकरीचं दुसरं वर्ष. लग्न होऊन चोपड्याच्या कापडवाल्या नेमीचंदभाऊंच्या घरात आल्या होत्या, आणि सासरे शाळा समितीचे अध्यक्ष असल्यामुळे त्यांना नोकरी मिळाली असं लोक बोलायचे. कोकिळा त्यांचीच विद्यार्थिनी. परीक्षेच्या दिवशी वर्गावर त्याच होत्या.

त्यांनी सातवा प्रश्न पुन्हा वाचला:

'एका शेतकऱ्याच्या खळ्यावर दादर ज्वारीची रास पडली. प्रत्येक पोत्यात क्ष पायल्या मावतात अशी सात पोती भरतील, एवढी ती रास होती. रास मोजून घरी आणली. घरी आलेल्या दादरपैकी निम्मी त्याने बहिणीला दिली. बहिणीला किती पायल्या मिळाल्या, ते बैजिक राशीत लिहा. क्ष = १५ असताना किंमत काढा.'

सात पोती, म्हणजे सात क्ष. त्याची निम्मी. पंधरा घातले की साडेबावन्न. दोनशे तेरा मुलींनी हेच लिहिलं होतं, किंवा यापेक्षाही चुकीचं काही. उत्तरसूची म्हणत होती: सात क्ष वजा एक, भागिले दोन. किंमत बावन्न.

वजा एक! प्रश्नात 'एक' कुठेच नव्हता. आणि कोकिळाचं उत्तर होतं बावन्न.

"प्रश्न काढलाय अभिमन गुरुजींनी," मंडळाच्या पत्रात लिहिलं होतं. "त्यांचं उत्तर चुकणे नाही. त्यात त्यांची काही खोच असेल. परंतु ती खोच नववीतल्या मुलीला उत्तरसूची पाहिल्याशिवाय कशी कळावी? चौकशीसाठी धुळ्याच्या गणित शिक्षिका श्रीमती प्रमिलाबाई येत आहेत. शुक्रवारी निकाल जाहीर होईल."

त्या दिवशी मंगळवार होता.

२

प्रमिलाबाई त्याच सकाळी धुळ्याच्या पहिल्या गाडीने आल्या. पन्नाशी उलटलेल्या, ठेंगण्या, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात कापडी पिशवी. त्यांना पाहून कुसुमलताबाईंचा जरा हिरमोडच झाला. चौकशीला कुणीतरी उंच, करड्या आवाजाचं माणूस येईल असं त्यांना वाटलं होतं.

कोकिळाची उत्तरपत्रिका प्रमिलाबाई गाडीत वाचत आल्या होत्या; पाण्याचा तांब्या तोंडाला लावायच्या आधीच त्यांनी उत्तरसूची मागितली. दहाही उत्तरं त्यांनी एकेक करून वाचली. प्रत्येक ठिकाणी पेन्सिलीने बारीक आकडे मांडत होत्या.

"तुम्ही उत्तरं तपासताय?" कुसुमलताबाईंनी विचारलं. "ती तर गुरुजींची आहेत."

"शब्दांवर विश्वास ठेवू नये, कुसुम. अक्षरांवर तर मुळीच नाही. आकडा घालून बघावा." नवव्या उत्तराशी त्यांची पेन्सिल थांबली. तिथे त्यांनी एक छोटी फुली केली आणि कागद घडी करून पिशवीत टाकला. "चला, आता कपाट."

कपाट कार्यालयात, पश्चिमेच्या खिडकीला लागून उभं होतं. किल्ली होती शिपाई भिकुबाईंकडे, आणि भिकुबाई कोकिळाची सख्खी आत्या. म्हणजे गावाच्या लेखी निकाल लागलाच होता.

"किल्ली माझ्या कमरेला असते," भिकुबाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "आंघोळीलासुद्धा सोडत नाही. माझ्या भाचीसाठी मी कपाट उघडलं असं ज्याला म्हणायचं, त्याने माझ्यासमोर म्हणावं."

"कुणी म्हटलं का?"

"समोर नाही म्हटलं."

"मग राहू द्या. पाकीट सीलबंद कुणी केलं?"

कोपऱ्यातल्या टेबलामागून कारकून पितांबरभाऊ उठले. शनिवारी दुपारी धुळ्याहून गठ्ठा आला, सर्वांसमक्ष फोडला, प्रश्नपत्रिका मोजल्या आणि उत्तरसूचीच्या पाकिटाला दोरा बांधून त्यांनी शाळेच्या शिक्क्याची लाख लावली. सांगताना ते सारखा गळ्याभोवतीचा रुमाल चाचपत होते.

"लाख चांगली होती?"

"लाख ती लाख, बाई. तिच्यात चांगली-वाईट काय असतं?"

प्रमिलाबाईंनी पाकीट उजेडात धरलं. सील जागेवर नव्हतं. त्याच्या जागी लाल डाग होता आणि डागातून एक ओघळ पाकिटाच्या खालच्या कडेपर्यंत गेला होता. दोरा तसाच होता, गाठही तशीच. मग त्या चक्क गुडघ्यावर बसल्या आणि कपाटाच्या खालच्या फळीवर बोट फिरवलं. तिथे एक लाल टिकली घट्ट चिकटून बसली होती.

"पाकीट इथे उभं ठेवलं होतं ना?"

"हो," भिकुबाई म्हणाल्या.

"भिकुबाई, चोराने सील फोडलं तर कपचे कुठे पडतील?"

"खालीच की. मीच झाडते. एक कपचा नव्हता."

प्रमिलाबाई उठल्या, हात झटकले. पितांबरभाऊंनी रुमालाने कपाळ पुसलं. त्या दिवशी ऊन होतंच म्हणा, पण त्यांना घाम जरा जास्तच आला होता.

३

कोकिळाला बोलावलं. शिडशिडीत मुलगी, दोन घट्ट वेण्या, तळहात मात्र मोठ्या माणसासारखे राठ. सात मैलांवरच्या खेड्यातून एसटीने यायची.

"उत्तरसूची पाहिलीस?"

"नाही."

"कुणी सांगितलं?"

"नाही."

"मग सातव्या प्रश्नातला वजा एक कुठून आला?"

कोकिळाने मान खाली घातली. प्रमिलाबाईंनी वाट पाहिली. कुसुमलताबाईंना राहवलं नाही. "अगं, सांग ना! शुक्रवारी निकाल आहे. धुळ्याची जागा जाईल तुझी. पुढे शिकायची दुसरी सोय नाही तुझी, तुलाच माहीत आहे. गप्प बसलीस तर लोक काय समजतील?"

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बोलता येत नाही, बाई," एवढंच ती म्हणाली.

ती गेल्यावर कुसुमलताबाई हताश होऊन बाकावर बसल्या. "संपलं. ही कबुलीच झाली."

"ती 'बोलत नाही' म्हणाली नाही. 'बोलता येत नाही' म्हणाली." प्रमिलाबाईंनी कोकिळाची उत्तरपत्रिका पुढे ओढली. "हे बघ. किंमत सूचीतलीच, बावन्न. पण राशी बघ."

कोकिळाने लिहिलं होतं: क्ष वजा एक, अधिक सहा क्ष, आणि या सगळ्याची निम्मी.

"मंडळ म्हणतं, नक्कल लपवायला मांडणी बदलली."

"मंडळाच्या कार्यकारिणीत सगळे पुरुष आहेत. त्यांना नक्कल लपवणं लगेच सुचतं." प्रमिलाबाई हसल्या. "जिला नक्कल लपवायची, ती सातही पोत्यांशी खेळेल. हिने एकाच पोत्यातून एक काढलाय. बाकीच्या सहांना हात लावलेला नाही. असं का? हिच्या घरी खळं चालू असेल ना आता?"

"दादरचं असेल. पण त्याचं काय?"

"चल, बघून येऊ. दादर मला फार आवडते."

४

खळं गावाबाहेर, निंबाच्या झाडाजवळ. सातपुड्याची निळी रेघ पलीकडे, आणि मधे केळीच्या बागांचा हिरवा पट्टा. कोकिळाचे वडील झुलालभाऊ खाटेवर बसून सुतळी वळत होते. त्यांची नजर अधू झाली होती, सुतळी बोटांनीच चाचपावी लागे. घरात मुलगा नव्हता. आसपासच्या सगळ्या खळ्यांवर रास पुरुष मोजत, बाया पोती धरत. इथे पोतं कोकिळाची आई तानुबाई धरत होती आणि पायली कोकिळाच्या हातात होती.

"या बाई, बसा," तानुबाई म्हणाल्या. "ऊनमा कसाले उभ्या? मनी पोर चोर नही शे, एवढं ध्यानमा धरा. बाकी काय इचारनं ते इचारा."

"मला काही विचारायचं नाही, तानुबाई. बसते नि बघते."

कोकिळाने त्यांच्याकडे पाहिलं, नमस्कार केला आणि कामाला लागली. राशीच्या कडेला एक सूप पालथं घातलेलं होतं, त्यावर निंबाची डहाळी. पहिलं पोतं अजून रिकामं होतं, तोंड मिटलेलं. तानुबाईंनी ते उघडून धरलं. कोकिळाने पायली भरली, हाताने सपाट केली, पोत्यात ओतली आणि म्हणाली, "दोन."

मग तीन. मग चार. दुसरं कुणी काही बोलत नव्हतं. झुलालभाऊंची सुतळीसुद्धा थांबली होती.

प्रमिलाबाईंनी पिशवीतून मूठभर चिंचोके काढले होते. पोत्यात एक पायली पडली की एक चिंचोका उजव्या हातातून डाव्या हातात. त्यांचे ओठ मिटलेले होते. "पंधरा," कोकिळा म्हणाली, आणि तानुबाईंनी पोत्याचं तोंड आवळलं.

प्रमिलाबाईंनी डावी मूठ उघडली. चिंचोके चौदा.

"मोजायला चुकलात वाटतं," कुसुमलताबाई कुजबुजल्या.

दुसरं पोतं. या वेळी कोकिळाने 'एक'पासून सुरुवात केली. पंधरा पायल्या, पंधरा चिंचोके. तिसरं. पंधरा, पंधरा.

"म्हणजे तीच चुकली. पहिल्या पोत्यात एक कमी!"

प्रमिलाबाईंनी चिंचोके परत पिशवीत टाकले. चेहऱ्यावर असा आनंद की जणू कुणी त्यांना सोन्याची नथ दिली. त्या उठल्या, पालथ्या सुपाकडे एकदा पाहिलं, त्याला हात लावला नाही, आणि सुपाच्या दिशेने नमस्कार केला. तानुबाईंनी ते पाहिलं. निघताना त्यांनी दादरच्या दोन गरम भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून प्रमिलाबाईंच्या पिशवीत घातला.

एसटीत कुसुमलताबाईंनी तीनदा विचारलं. तिन्हीदा उत्तर एकच आलं: "उद्या भडगावला गेल्यावर. अजून मी फक्त एक बाजू मांडली आहे. समीकरणाला दोन बाजू लागतात."

५

बुधवारी त्या दोघी एरंडोलला गाडी बदलून भडगावला पोचल्या. अभिमन गुरुजींचं घर गिरणा नदीच्या बाजूला होतं. गुरुजी शहात्तर वर्षांचे, ओसरीवर तक्क्याला टेकून बसलेले. दोन्ही डोळ्यांवर हिरवी पट्टी. महिन्यापूर्वी मोतीबिंदू काढला होता, आणि घरच्यांनी मंडळाचं पत्र त्यांना वाचूनच दाखवलं नव्हतं.

"कोण, प्रमिला?" आवाजावरून त्यांनी ओळखलं. "पेपर कसा होता?"

"सुंदर होता, आबा. एक प्रश्न वाचू का? तोंडी सोडवून दाखवा."

"पट्टी डोळ्यांवर आहे, डोक्यावर नाही. वाच."

प्रमिलाबाईंनी सातवा प्रश्न वाचला. छापला होता तसाच, एकही शब्द न गाळता. गुरुजी ऐकताना उजव्या हाताचं बोट डाव्या तळहातावर फिरवत होते.

"सात क्ष वजा एक. भागिले दोन. पंधरा घातले तर बावन्न." ते थांबले. "पण तू मधलं वाक्य गाळलंस."

"कोणतं?"

गुरुजींनी तोंड उघडलं, आणि मिटलं. कुसुमलताबाईंना ते ओळखीचं वाटलं. काल कोकिळाचा चेहरा अगदी असाच झाला होता.

"ते… म्हणजे…" गुरुजींचा हात तळहातावरच थांबला. "मी लिहिलंच नाही का?"

"नाही, आबा. आणि बोलूही नका. मी विचारत नाही. फक्त एवढं सांगा, जे बोलायचं नसतं, ते बीजगणितात कसं मांडतात?"

गुरुजी हसले. मग ते हसू एकदम मावळलं. "लहानपणी आमच्या खळ्यावर रास मी मोजायचो," ते हळू म्हणाले. "साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची गोष्ट. हाताला आठवतं. मी ते लिहिलं नाही, कारण ते कधी बोललोच नाही. कुणाला त्रास झाला का, प्रमिला? खरं सांग."

प्रमिलाबाईंनी खरं सांगितलं. गुरुजींनी तक्क्यावरून पाठ उचलली.

"कुणाची मुलगी म्हणालीस?"

"झुलालभाऊंची. चोपड्याकडची. मोजते तीच. घरात मुलगा नाही."

"दोनशे चौदांतल्या बाकीच्या मुली खळ्यावर पोतं धरत असतील," गुरुजी म्हणाले. "पायली हातात असलेली ही एकटी. मोजणाऱ्याला जे कळतं, ते बघणाऱ्याला नाही कळत." त्यांनी काठी शोधायला हात पुढे केला. "शुक्रवारी मला चोपड्याला घेऊन चला."

"आबा, डोळे!"

"डोळे कशाला लागतात? कबूल तर तोंडाने करायचं असतं."

६

शुक्रवारी दुपारी शाळेच्या कार्यालयात मंडळाचे कार्यवाह, नेमीचंदभाऊ, भिकुबाई, पितांबरभाऊ, कोकिळा आणि तिची आई जमले. गुरुजी खुर्चीवर बसले होते. खिडकीतून ऊन थेट कपाटावर येत होतं. कपाटाला हात लावला तर चटका बसत होता.

"आधी पाकीट," प्रमिलाबाई म्हणाल्या. "नेमीचंदभाऊ, तुमच्या दुकानातली लाखेची कांडी आणलीत?"

"आणली ना. आमच्या कापडाच्या गाठी रेल्वेने येतात, त्यांना हीच लागते. चाळीस वर्षं झाली, उन्हात कधी हलली नाही."

"आणि ही पितांबरभाऊंच्या टेबलातली. दुपारी बाराला मी दोन पाकिटांना दोन सीलं लावली, कपाटात उभी ठेवली. किल्ली भिकुबाईंच्या कमरेला. उघडा, भिकुबाई."

कपाट उघडलं. एक सील घट्ट, शिक्क्याची अक्षरं वाचता येत होती. दुसऱ्याचा लाल ओघळ पाकिटावरून खाली उतरून फळीवर टिकली होऊन बसला होता. नेमीचंदभाऊंनी तो नखाने खरवडून नाकाशी नेला.

"अरे पितांबर! ही लाख आहे की मेणबत्ती?"

"कांडी संपत आली होती, भाऊ," पितांबरभाऊ रडकुंडीला आले. "आठवडाभराने नवी यायची. म्हटलं थोडं मेण घातलं तर पुरेल. मला काय ठाऊक, कपाट तवा होईल म्हणून! आणि मग पोरीवर आलं, तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही."

"लोखंड तापवून कुणी सील सोडवलं असतं, तर कागद करपला असता आणि टिकली फळीवर पडली नसती," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कपाटात चोर आला नव्हता. खानदेशचं ऊन आलं होतं."

"ठीक," कार्यवाह म्हणाले. "पाकीट उघडलं नसेल. पण उघडलं नाहीच, हे यावरून सिद्ध होत नाही."

"नाही होत. ते नवव्या प्रश्नावरून होतं." त्यांनी फळ्यावर लिहिलं. "'शाळेत एका बाईमागे तीस मुली. मुलींची संख्या म, बायांची ब. सूत्र लिहा.' सूची म्हणते, ब म्हणजे तीस म. कार्यवाह, म एक घाला. एका मुलीला शिकवायला तीस बाया! अशी शाळा असती तर आम्हा मास्तरणींना सुखाचे दिवस आले असते."

कार्यवाहांनी कागदावर आकडा घालून पाहिला आणि त्यांचे कान लाल झाले. टंकताना अक्षरं उलटी पडली होती, आणि गुरुजींच्या डोळ्यांमुळे तपासायचं राहून गेलं होतं. कितीतरी मुलींनी 'एक बाई, तीस मुली' हे शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने मांडून, म्हणजे चुकून, गुण मिळवले होते.

"कोकिळाने लिहिलंय, म म्हणजे तीस ब. शेजारी पडताळा केलाय, ब दोन तर म साठ. बरोबर आहे, आणि सूचीप्रमाणे तिला शून्य मिळालं. जिच्या हातात सूची होती, तिने सातव्यात प्रश्नात नसलेला 'एक' मुकाट्याने उचलला आणि नवव्यात मात्र सूचीच्या विरुद्ध जाऊन दहा गुण सोडले? असा चोर मी पाहिला नाही."

कुसुमलताबाईंना एकदम आठवली ती मंगळवारची बारीक फुली. या बाईंना पाणी प्यायच्या आधीच कळलं होतं की मुलगी निर्दोष आहे! पण नुसतं 'निर्दोष' त्यांना पुरलं नव्हतं. तो 'एक' कुठून आला, हे कळल्याशिवाय त्यांना परत जायचंच नव्हतं.

"आणि वजा एक?" कार्यवाहांनी विचारलं.

आता अभिमन गुरुजी काठी टेकत उठले.

"तो मी सांगतो. आमच्याकडे रास मोजताना पहिली पायली घरी येत नाही. ती देवाची, हे तुम्हाला ठाऊक आहे. मोजणाऱ्याने तिचं नाव घ्यायचं नसतं, आकडाही उच्चारायचा नसतो. सुपाखाली झाकून बाजूला ठेवायची, आणि पोत्यात पडेल तिला 'दोन' म्हणायचं. नाव घेतलं तर राशीची बरकत जाते, असं आमच्या वाडवडिलांनी सांगितलं. मी आता रास मोजत नाही, म्हणून मला बोलायला हरकत नाही. प्रश्न लिहिताना मी तिचा उल्लेख केला नाही. उत्तर लिहिताना हात आपोआप वजा करून गेला. चूक माझी. साडेबावन्न लिहिणाऱ्या सगळ्या मुलींचं उत्तर बरोबर आहे, कारण प्रश्नात जेवढं आहे तेवढंच त्यांनी लिहिलं. आणि या एका मुलीने मी जे लिहायला विसरलो तेही वाचलं."

"पहिल्या पोत्यात चौदा पडल्या, हाक मात्र पंधराची झाली," प्रमिलाबाई म्हणाल्या. "क्ष वजा एक, अधिक सहा क्ष. गुरुजींनी सगळी रास एकदम पाहिली, हिने पोतं भरताना पाहिलं. दोन वाटा, घर एकच. नक्कल करणाऱ्याला दुसरी वाट सापडत नाही."

गुरुजींनी आवाजाच्या अंदाजाने कोकिळाकडे तोंड केलं. "पोरी, तुझी जागा जायची वेळ आली, तरी तू बोलली नाहीस."

"आमची रास अजून खळ्यावर आहे, आबा. बोलायचं नसतं."

"मग लिहिलंस कसं?"

कोकिळाने पहिल्यांदा मान वर केली. "बोलायचं नसतं. लिहायचं नसतं असं कुणी सांगितलं नव्हतं."

मग नेमीचंदभाऊंनी मांडीवर थाप मारली, गुरुजी पट्टीखालून हसत-रडत राहिले, आणि तानुबाईंनी सगळ्यांदेखत लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली.

सातवा प्रश्न सगळ्यांसाठी रद्द झाला. नववा पुन्हा तपासला गेला. नव्वदपैकी नव्वद गुण एकाच मुलीला पडले, आणि संध्याकाळी फळ्यावर कोकिळा झुलाल हे नाव भिकुबाईंनी स्वतः खडूने लिहिलं. अक्षर वेडंवाकडं होतं. ते कुणी पुसलं नाही. पावसाळ्यात शाळा उघडली तेव्हाही ते तिथेच होतं.

*

पितांबरभाऊ निवृत्त होईपर्यंत शाळेत 'मेणबत्ती' याच नावाने ओळखले गेले. त्यांनी ते हसून घेतलं. नेमीचंदभाऊंनी त्या वर्षीपासून दर एप्रिलात शाळेला लाखेच्या कांड्यांचा डबा पाठवला. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने पाठवला. कपाट खिडकीपासून हलवलं गेलं.

अभिमन गुरुजींनी पुढच्या वर्षी पेपर काढायला नकार दिला. मंडळाने ऐकलं नाही. मग त्यांनी एकच अट घातली, की छापण्याआधी प्रत्येक प्रश्न एका मुलीकडून सोडवून घ्यायचा. पाच वर्षं त्यांनी आणखी पेपर काढले. एक्याण्णव साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ते गेले.

भिकुबाईंनी निवृत्तीच्या दिवशी कमरेची किल्ली सोडून मुख्याध्यापिकेच्या हातात दिली. ती मुख्याध्यापिका म्हणजे कुसुमलताबाई. सासऱ्यांमुळे नोकरी मिळाली असं म्हणणं तोवर कधीच थांबलं होतं.

प्रमिलाबाई धुळ्यातच वारल्या, दोन हजार चार साली. त्यांच्या मागे पिशवी उरली, पिशवीत चिंचोके. कुसुमलताबाईंनी त्यातले पंधरा मागून घेतले. अजून त्यांच्या देवघराच्या कोनाड्यात आहेत.

कोकिळा धुळ्याला शिकली, मग पुण्याला. पिकांचा अंदाज बांधणाऱ्या खात्यात तिने अठ्ठावीस वर्षं नोकरी केली. गावोगाव एवढ्याशा तुकड्यातलं पीक कापून तोलायचं आणि त्यावरून तालुक्याचं पीक सूत्रात बसवायचं. ती सूत्रं ती नवख्यांना शिकवायची. सुरुवात नेहमी एकाच वाक्याने करायची: शब्दांवर विश्वास ठेवू नका, आकडा घालून बघा.

मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ती गावी परतली. कुसुमलताबाई तिला भेटायला गेल्या तेव्हा दादर काढायला मोठं यंत्र आलं होतं. ड्रायव्हर पंजाबचा, घाईत. यंत्राच्या नळीतून धान्याची धार पडायची वेळ आली, तेवढ्यात पांढऱ्या केसांची कोकिळा एक जुनी पायली घेऊन धारेखाली उभी राहिली. ड्रायव्हर ओरडला, काय करताय म्हणून. ती काही बोलली नाही. पायली भरली, सपाट केली, बाजूला सुपाखाली ठेवली आणि वर निंबाची डहाळी.

मग पदर खोचून तिने पिशवीतली वही काढली, त्या दिवशीच्या हिशेबाच्या वरच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं, आणि वही कुसुमलताबाईंपुढे धरली.

− १.